त्रिरश्मीच्या भिंतीवरचा हिशेब आणि आपल्या पानावरचे हारतुरे

नाशिकमधील एका वस्तीत गेली वीस-बावीस वर्षे एक अभ्यासिका चालते. संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण जे तिचे दुखणे, तेच महाराष्ट्रातील असंख्य आंबेडकरी संस्थांचे दुखणे आहे. पत्र्याचे छप्पर असलेल्या दोन खोल्या, समाजमंदिरातली जुनी बाके, रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा आणि घरात एकाच खोलीत सात माणसे असल्यामुळे अभ्यासाला जागा नसलेली चाळीस-पन्नास मुले-मुली. या खोल्यांतून शिकून कोणी तलाठी झाले, कोणी परिचारिका झाली, दोघे वकील होऊन आमच्याच बाररूममध्ये बसतात. या संस्थेने शासनाचे अनुदान कधी घेतले नाही. नोकरदार कार्यकर्त्यांची वर्गणी आणि १४ एप्रिलच्या खर्चातून उरलेले पैसे, यावर ती तगली.

मागच्या वर्षी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीचे अधिकारी या अभ्यासिकेला मदत करण्यास तयार झाले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेच्या वर नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पैसा होता, इच्छाही होती. अधिकाऱ्याने एवढेच विचारले, ‘तुमच्या संस्थेची लिंक पाठवा.’ दुसऱ्या दिवशी त्यांचा आम्हाला फोन आला. ‘वकीलसाहेब, या नावाची दोन पाने आहेत. दोन्हींवर बाबासाहेबांचा फोटो आहे. दोन्हींवर अध्यक्ष वेगळे आहेत. यातली खरी संस्था कोणती?’

आम्ही दोन्ही पाने उघडून पाहिली आणि मान खाली घातली. पहिल्या पानावर सर्वांत वर एका ‘भावी नगरसेवका’च्या वाढदिवसाचा फलक होता. त्याखाली सत्कार, त्याखाली हार, त्याखाली पुन्हा सत्कार. दुसरे पान चार वर्षांपूर्वी बंद पडलेले. ते ज्या तरुणाने उघडले होते तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. त्या चाळीस-पन्नास मुलांचा, त्या दोन खोल्यांचा, वीस वर्षांच्या कामाचा एकही फोटो, एकही ओळ, एकही आकडा दोन्हीकडे नव्हता. मदत दुसऱ्या एका संस्थेला गेली. ती संस्था आपल्यापेक्षा मोठे काम करते असे नाही. तिचे काम दिसते, एवढेच. यावेळी दोष मनुवाद्यांवर ढकलण्याची सोय नव्हती. दोष आपलाच होता.

म्हणून आज आम्ही चळवळीतील संस्थांच्या या नव्या दप्तराविषयी लिहीत आहोत. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम ही पोरांची करमणूक आहे, असे समजून ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ती पोरांवर सोपवली. पोरांनी त्यावर निळे झेंडे आणि गाणी टाकली. संस्था मात्र तिथे नाही. विहाराचा ट्रस्ट नाही, महिला मंडळ नाही, वसतिगृह नाही, कायदेविषयक मदत केंद्र नाही. जयंती आहे, जयंतीनंतरचे तीनशे चौसष्ट दिवस नाहीत.

नाशिककरांना या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला त्रिरश्मी लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दान कोरलेले आहे. आपल्यापैकी अनेकांनी तिथे वंदना घेतली असेल, पण भिंत वाचली नसेल. भिंत सांगते की उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातली दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी द्यायची. वाचकांनी स्वतः गुणाकार करावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते आणि वीस गुणिले बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आहे आणि तो पैशापर्यंत जुळतो.

त्याहून महत्त्वाचे शेवटी आहे. हे दान निगमसभेत वाचून दाखवले गेले आणि फलकवारात, म्हणजे नोंदींच्या दप्तरात, नोंदवले गेले, असे तो लेख सांगतो. दाता राजाचा जावई होता. त्याला कोण हिशेब विचारणार होते? तरीही दान किती, कोणाकडे ठेवले, व्याज किती, खर्च कशावर, हे सभेत वाचले, दप्तरात नोंदवले आणि येणारा-जाणारा वाचील अशा भिंतीवर कोरले. संघाला मिळणारा पैसा हा उघड्यावरचा पैसा असला पाहिजे, ही ती शिस्त होती. आज फेसबुकवाल्यांनी आपल्या पानाला भिंत हे नाव दिले. आपल्याकडे खरी भिंत होती, तिच्यावर हिशेब होता. आता नवी भिंत फुकट मिळाली आहे आणि तिच्यावर हार आहेत.

बाबासाहेबांनी ही शिस्त छापखान्याच्या काळात पाळली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही, हे सर्वश्रुत आहे. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पत्राला उभे राहता आले. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ‘बहिष्कृत भारत’ कर्जात गेला तेव्हा बाबासाहेबांनी ती अडचण झाकली नाही, वाचकांपुढे मांडली. दुसऱ्याच्या पत्रावर आपला आवाज अवलंबून ठेवायचा नाही आणि आपल्या पत्रात खोटे छापायचे नाही, या दोन गोष्टी त्यांच्या पत्रकारितेच्या मुळाशी होत्या.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालवण्याचा भार कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर होता. बाबासाहेब मुंबईहून, कधी लंडनहून, त्यांना पत्रे लिहीत. दादासाहेबांनी ती पत्रे जपली. ती जपली म्हणूनच पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आणि सत्याग्रहात कोणत्या क्षणी काय ठरले, हे आज आपल्याला पुराव्यानिशी सांगता येते. दादासाहेबांनी ती रद्दीत घातली असती तर आपला इतिहास आपल्या विरोधकांनी लिहिला असता. आजच्या संस्थांची पत्रे कुठे आहेत? मोबाईलच्या गॅलरीत. मोबाईल फुटला की इतिहास फुटला.

या माध्यमाने आपल्याला काही दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि प्रस्थापित प्रसारमाध्यमांना त्याचे गांभीर्य कळायला कित्येक आठवडे लागले. त्या काळात कार्यकर्त्यांचे सत्यशोधन अहवाल ई-मेलने, ब्लॉगवरून आणि एसएमएसने फिरले आणि महाराष्ट्र पेटून उठला. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याला लगाम घालणारा निकाल दिला. २ एप्रिलचा भारत बंद कोणत्याही एका मोठ्या पक्षाने उभा केलेला नव्हता. तो हातातल्या मोबाईलवरून गावोगाव गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत करावा लागला. मुकी माणसे बोलू लागली की काय होते, हे देशाने पाहिले.

पण याच मोबाईलने काय केले, तेही नाशिकने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबक रस्त्यावरील तळेगाव अंजनेरी येथे एका लहान मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद आली. संशयित अल्पवयीन मुलगा होता. गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करावा, न्याय न्यायालयाने द्यावा, त्या मुलीला न्याय मिळालाच पाहिजे, यात दुमत असण्याचे कारण नव्हते. परंतु मोबाईलवरून नाना अफवा फिरल्या, रस्ते अडवले गेले, बस जाळल्या गेल्या आणि एका मुलावरील आरोपाची शिक्षा परिसरातील गावांमधील बौद्ध वस्त्यांना देण्यात आली. घरांवर दगड आले, गाड्या जळल्या, माणसे घाबरून नातेवाइकांकडे निघून गेली. शेवटी प्रशासनाला काही दिवस मोबाईल इंटरनेट बंद करावे लागले.

त्या दिवसांत आम्हाला राज्यभरातून फोन येत होते. ‘खरे काय आहे?’ हा एकच प्रश्न. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर शंभर संदेश होते. त्यातला खरा कोणता, हे आम्हालाही ओळखता येईना. दुसऱ्या जिल्ह्यातले, दुसऱ्या वर्षाचे फोटो नाशिकचे म्हणून फिरत होते आणि ते फिरवणाऱ्यांत आपलेही लोक होते. नाशिक जिल्ह्यात आपल्या इतक्या संस्था. एवढ्या विहार समित्या. पण ‘आम्ही गावात जाऊन आलो, इतकी घरे फुटली, अमुक इतकी माणसे जखमी आहेत, अमुक पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली, मदतीसाठी या माणसाशी बोला’ असे सांगणारे आणि ज्यावर सर्वांचा विश्वास बसेल असे एकही पान आपल्याकडे नव्हते. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही. विश्वास शांततेच्या काळात, महिन्या-महिन्याच्या साध्या खऱ्या नोंदींनी कमवावा लागतो. तो आपण कमावलेला नव्हता.

पुढे १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच रात्री आपल्या मालेगावात एका कुटुंबावर असाच जमाव धावून गेला. पोलिसांनी त्यांना कसेबसे वाचवले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. मेलेले भटके होते, भिक्षेकरी होते, आपलेच होते. अफवेचा दगड फिरून फिरून नेहमी सर्वांत खालच्या माणसाच्या डोक्यात पडतो. म्हणून खरे-खोटे पारखण्याची गरज इतर कोणाहूनही आपल्याला जास्त आहे.

आता वकील म्हणून चार गोष्टी सांगणे भाग आहे, कारण आपले कार्यकर्ते तळमळीने करतात आणि कायद्यात अडकतात.

पहिली गोष्ट. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव, फोटो, ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता. पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागते. आरोपी बालक असेल तर त्याचीही ओळख उघड करता येत नाही. तरीही अन्यायाविरुद्ध आवाज उठवतो म्हणून आपलीच मुले आपल्याच लेकीचा फोटो फलकावर छापतात आणि पानावर टाकतात. त्या घराला न्याय मिळेपर्यंत तो फोटो हजार मोबाईलमध्ये गेलेला असतो. ही सहानुभूती त्या मुलीला आयुष्यभर पुरते.

दुसरी गोष्ट पुराव्याची. शिवीगाळीचा, मारहाणीचा व्हिडिओ हाती आला की तो शंभर ग्रुपवर जातो आणि मूळ मोबाईलची कोणाला आठवण राहत नाही. आमच्याकडच्या एका प्रकरणात ज्या मोबाईलवर चित्रण झाले होते तो साक्षीची तारीख येईपर्यंत दुकानात बदलून नवा घेतलेला होता. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तीच अट आहे. तेव्हा मूळ मोबाईल जपा. चित्रण कोणी केले, कधी केले, कुठे केले, ते त्याच दिवशी वहीत लिहा आणि सही घ्या. पानावर टाकण्याची घाई नंतर करा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे, तिची मागणी लेखी करा. समाजमाध्यमावर जातिवाचक अपमान झाला तर तोही हा कायदा पाहतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसे मानले आहे. अशा वेळी पानाचा पत्ता, तारीख, वेळ यांसह नोंद करा. उत्तरादाखल शिव्या देऊ नका. तुमची एक शिवी समोरच्याच्या वकिलाला मिळालेली देणगी असते.

तिसरी गोष्ट ग्रुपच्या ॲडमिनची. सदस्याने काहीही टाकले की ॲडमिनला अटक होते, ही भीती कार्यकर्त्यांमध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कुप्रसिद्ध कलम ६६-अ तर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. पण याचा अर्थ मोकळे रान नव्हे. द्वेष पसरवणारा मजकूर दिसला की काढणे आणि टाकणाऱ्याला बाहेर करणे, हे ॲडमिनचे कर्तव्यच आहे.

चौथी गोष्ट पैशाची. आजकाल क्यूआर कोड छापला की वर्गणी सुरू. कोड कोणाच्या खात्याचा? बहुधा अध्यक्षांच्या नाहीतर त्यांच्या चिरंजीवांच्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या संस्थेचा पैसा संस्थेच्या खात्यातच आला पाहिजे, त्याचे लेखापरीक्षण झाले पाहिजे. परदेशातील बांधवही आता पानावरची हाक ऐकून पैसे पाठवू इच्छितात. भारताचे नागरिक असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे ही परकीय देणगी होत नाही. परंतु ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी ही परकीय देणगी आहे. ती घ्यायची तर परकीय अभिदाय कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत खाते लागते. जन्माने आपला भाऊ असला तरी कायदा पासपोर्ट पाहतो. एका भाबड्या पावतीने संस्थेची नोंदणी धोक्यात येऊ शकते.

मग करायचे काय? त्यासाठी मुंबईहून महागडा सल्लागार आणण्याची गरज नाही. संस्थेची एक बैठक पुरेशी आहे.

बैठकीत ठराव करा की पान, चॅनल आणि ई-मेल ही संस्थेची मालमत्ता आहे, कोणा व्यक्तीची नाही. ज्या मोबाईल क्रमांकावर ते उघडले आहे तो क्रमांक संस्थेने स्वतःकडे ठेवावा. तीन ॲडमिन असावेत, त्यात एक स्त्री असावीच. पासवर्ड पाकिटात बंद करून सरचिटणीसाच्या दप्तरात ठेवा. पदाधिकारी बदलला की कलम २२ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल करण्याला नव्वद दिवस असतात. तो दाखल करतो त्याच दिवशी पासवर्ड बदला. आपल्या निम्म्या संस्थांचे भांडण हे दोन समित्यांचे भांडण आहे आणि आता प्रत्येक समिती आपले पान उघडते. ज्यांना बाबासाहेबांचे नाव एकत्र घेता येत नाही, त्यांनी निदान संस्थेचा नोंदणी क्रमांक पानावर टाकावा. खरे कोण, हे लोक पाहून घेतील.

त्यानंतर महिन्यातून एक नोंद. फक्त एक. या महिन्यात काय काम झाले, किती पैसे आले, किती खर्च झाले, काय कमी पडते आहे. चार ओळी. अभ्यासिकेत किती मुले बसली, किती पुस्तके आली, वीजबिल किती भरले. एवढे बारा महिने सलग लिहिणारी संस्था तेराव्या महिन्यात कोणाकडेही ताठ मानेने मदत मागू शकते. कंपनीचा निधी घ्यायचा तर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा, आयकराच्या कलमांखालील नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी असे सारे लागते. त्यातली कागदपत्रे वकील आणि लेखापाल करून देतील. कामाचा पुरावा मात्र तुमच्या चार ओळीच देतील.

फोटोंविषयी एक विनंती. दोन वह्या घेणारी एक मुलगी आणि त्या वह्यांना हात लावून उभे असलेले सहा पुढारी, हा फोटो आता बंद करा. त्या मुलीच्या वर्गातली मुले तो पाहतात. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान दिला. मदतीच्या फोटोसाठी आपण तिच्याकडून तो परत मागू नये. वह्यांचा फोटो टाका, खोलीचा टाका, मुलगी तलाठी झाली की तिची परवानगी घेऊन तिचा टाका.

काही ज्येष्ठ म्हणतील, लढाई रस्त्यावरची आहे, मोबाईलवरची नाही. त्यांचा अर्धा मुद्दा आम्हाला मान्य आहे. रस्त्यावर कोणी नसेल तर पानावर टाकायला काही नसेल. काळारामाच्या दारात माणसे बसली म्हणून पत्रांना मोल आले. पण जी माणसे बसली त्यांची नोंद ठेवली गेली, हेही तितकेच खरे. काही तरुण म्हणतील, ही माध्यमे भांडवलदारांची आहेत, ते वाटेल तेव्हा आपला आवाज बंद करतील. तेही खरे आहे. २०१९ मध्ये ट्विटरने एका बहुजन पत्रकार-प्राध्यापकाचे खाते रोखले तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. हे घर भाड्याचे आहे, मालक कधीही बाहेर काढील. म्हणून पानावर टाकलेली प्रत्येक नोंद छापून विहाराच्या फळ्यावर लावा आणि एक प्रत फाईलमध्ये ठेवा. ज्या मावशींकडे मोबाईल नाही, ज्या वर्गणी मात्र दर महिन्याला न चुकता देतात, त्यांचाही हिशेबावर तितकाच हक्क आहे. रविवारच्या वंदनेनंतर त्या चार ओळी मोठ्याने वाचून दाखवा. सभेत वाचायचे, फळ्यावर लावायचे, भिंतीवर टाकायचे. उषवदाताने याहून वेगळे काय केले होते?

बांधवांनो आणि भगिनींनो, २ मार्च २०३० रोजी काळाराम सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी देश नाशिककडे पाहील. पाहणारे पहिल्यांदा मोबाईल उघडतील आणि सत्याग्रहाविषयी शोधतील. सत्याग्रहींच्या नातवंडांकडे असलेले फोटो, जुनी पत्रके, आजीने सांगितलेल्या आठवणी आज पेट्यांमध्ये आणि डोक्यांमध्ये आहेत. आठवणी सांगणारी माणसे रोज कमी होत आहेत. प्रत्येक गावच्या विहार समितीने आपल्या गावातून सत्याग्रहाला कोण गेले होते, एवढे जरी विचारून, नाव-गाव-तारीख तपासून, घरच्यांची संमती घेऊन नोंदवले, तर शताब्दीला नाशिक स्वतः बोलेल. नाही तर त्या दिवशीही आपल्या पानांवर भावी नगरसेवकांचे हारच दिसतील आणि सत्याग्रहाची गोष्ट दुसरेच कोणी सांगतील, त्यांना सोयीची.

त्या अभ्यासिकेचे काय झाले, हे सांगून थांबतो. दोन्ही समित्या आमच्या कार्यालयात बसल्या. तीन बैठका भांडणात गेल्या. चौथ्या बैठकीत अभ्यासिकेत शिकणारी बारावीची एक मुलगी उठून म्हणाली, ‘अध्यक्ष कोणीही व्हा, पण लाईटबिल किती आले ते कोणालाच माहीत नाही.’ खोलीत शांतता झाली. खजिनदारांनी वही मागवली. अभ्यासिकेच्या नव्या पानावरची पहिली नोंद त्या बिलाची आहे. फोटोत हार नाही, पुढारी नाही. विजेचे बिल आहे आणि खाली ते कोणाकोणाच्या वर्गणीतून भरले, त्यांची नावे आहेत.

मदत अजून आलेली नाही. पण परवा एकाने आम्हाला विचारले, ही संस्था खरी आहे का? यावेळी आम्ही मान खाली घातली नाही.

जय भीम!